कर्जतचे बँकर आणि भाचीचा लॅपटॉप

पुण्याकडे निघालेली गाडी कर्जत स्टेशनात शिरली की दोन गोष्टी घडतात. उतारू मंडळी खिडकीतून हात बाहेर काढून बटाटेवडा घेतात, आणि मागच्या अंगाला, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, दोन-तीन इंजिने हलकेच येऊन शेवटच्या डब्याला टेकतात. ही बँकर इंजिने. सदतीस फुटांमागे एक फूट अशी भोर घाटाची चढण; १८६३ साली हा मार्ग खुला झाला, तेव्हापासून ती काही कमी झालेली नाही. लोणावळ्यापर्यंत ही इंजिने मागून रेटा देतात आणि तिथे सुटतात. उतारूंना गाडीचे नाव ठाऊक असते, डब्याचा क्रमांक पाठ असतो, वड्याबरोबर चटणी कमी दिली तर तेही कळते. पण गाडीला इंजिन कोणते लागले आहे हे विचारणारा उतारू मी तीस वर्षांच्या कर्जतच्या मुक्कामात पाहिला नाही.

संगणकाच्या बाबतीत मीही असाच उतारू होतो. माध्यमिक शाळेत मुलांना गणित आणि शेवटची काही वर्षे संगणक शिकवून मी निवृत्त झालो. घरी २०१२ सालचा एक संगणक आहे, त्यावर मी लिनक्स चालवतो. फुकट मिळते, जुन्या यंत्रावर चालते आणि मराठीत दिसते, एवढ्या तीन गुणांवर आमचा संसार सुखाचा चालला होता. शेजारीपाजारी कुणाचा संगणक म्हातारा झाला की मी एक पेन ड्राइव्ह खिशात टाकून निघे आणि तासाभरात त्याला तरणा करून येई. माझ्या या कीर्तीचा मला थोडा गर्व होता हे कबूल केले पाहिजे. तो खालापुरात उतरला.

२०२५ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी धाकटी बहीण खालापुरास दिली आहे. दाजींची थोडी भातशेती आहे, आणि मुलगी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजात तिला लिनक्सवर काम करावे लागे, म्हणून दाजींनी पतपेढीचे कर्ज काढून तिला नवाकोरा लॅपटॉप घेतला. विंडोजवाचून घेतला तर चार-पाच हजार वाचतात असे दुकानदाराने सांगितले, आणि "आपला मामा आहेच की" असे म्हणून घरच्यांनी तो तसा, रिकामाच घेतला. पुढच्या सोमवारी तिची एका कंपनीच्या उमेदवारीसाठी ऑनलाइन परीक्षा होती. मी शनिवारी सकाळच्या खोपोली लोकलने निघालो, पुढे सहाआसनी रिक्षा धरली, आणि अकराच्या सुमारास ओला छत्रीसकट दाजींच्या ओटीवर हजर झालो. खिशात तोच पेन ड्राइव्ह.

अर्ध्या तासात लिनक्स चढले. पडद्यावर सुंदर चित्र आले. बहिणीने कौतुकाने चहा ठेवला. आणि भाची म्हणाली, "मामा, वाय-फाय कुठंय?"

वाय-फाय नव्हते. म्हणजे बंद नव्हते. ते असते तिथे काहीच नव्हते. बोट फिरवायची पाटी मेलेली. पडद्याचा उजेड कमीजास्त होईना. जाळ्याची तार जोडावी म्हटले तर हल्लीचे लॅपटॉप इतके सडपातळ की त्यांना तारेचे भोकच नसते. मी पुन्हा चढवून पाहिले. तिसऱ्यांदा चढवून पाहिले. दुपारी दाजींनी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, यंत्रात दोष नाही, तुम्ही भलतेच काहीतरी टाकलेत. आणून द्या, विंडोज घालून देतो, त्याचे वेगळे पैसे पडतील. दाजी मला काही बोलले नाहीत. माणूस बोलला तर बरे असते. ते नुसते उठले आणि पावसात बांध पाहायला गेले.

भाचीने मात्र मोबाइलवर शोध चालवला होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मामा, तुझ्या पेन ड्राइव्हवरचा कर्नल २०२१ सालचा आहे. आणि हा लॅपटॉप या वर्षीचा."

"कोण कर्नल?" बहिणीने स्वयंपाकघरातून विचारले. "मिलिटरीतले का?"

वाचकहो, बहिणीला हसू नका. आपल्यापैकी पुष्कळांची हीच स्थिती आहे. आपण 'लिनक्स' म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या वस्तूंना एकाच नावाने हाक मारीत असतो. हेलसिंकीच्या विद्यापीठातला एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने ऑगस्ट १९९१ मध्ये ज्याची वार्ता जगाला दिली, तो फक्त कर्नल, म्हणजे गाभा, म्हणजे इंजिन. यंत्राच्या प्रत्यक्ष भागांशी बोलणारा तोच. पडदा, कळफलक, चकती, वाय-फायची चिप यांच्याशी संभाषण करण्याची विद्या त्याच्या पोटात 'ड्रायव्हर' नावाच्या हजारो तुकड्यांत साठवलेली असते. पण नुसत्या इंजिनात बसून कोणी पुण्याला जात नाही. डबे हवेत, बाके हवीत, दिवे-पंखे हवेत. हे सारे जमवून, तपासून, एका नावाची पाटी लावून जी गाडी फलाटावर उभी करतात तिला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. डेबियन, उबुंटू, फेडोरा, मिंट ही त्या गाड्यांची नावे. आपल्या सी-डॅकने २००७ साली काढलेली 'बॉस' हीही अशीच एक गाडी, डेबियनच्या सांगाड्यावर बांधलेली.

आता घोटाळा कुठे होतो ते पाहा. इंजिनाचा कारखाना आणि गाड्यांचे वेळापत्रक यांचा एकमेकांशी मेळ नाही. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते, वर्षात पाच-सहा. गाडी काढणारे मात्र आपापल्या स्वभावाप्रमाणे वागतात. डेबियनची मंडळी सोवळी. दोन वर्षांनी एकदा गाडी काढतात आणि तीत घातलेले इंजिन सहसा शेवटपर्यंत बदलत नाहीत. ऑगस्ट २०२१ मधल्या त्यांच्या अकराव्या आवृत्तीत ५.१० क्रमांकाचा कर्नल होता, जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत ६.१, आणि ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत ६.१२. फेडोरावाल्यांना धीर नाही. चालत्या गाडीचे इंजिन ते वारंवार बदलीत असतात. आर्चची तर आवृत्तीच नसते, रोज जे नवे येईल ते घ्यायचे. मी वापरीत होतो ती गाडी 'दीर्घकाळ आधार' देणाऱ्या जातीची. पाच वर्षे डागडुजी मिळते, म्हणून मी निश्चिंत. पण ती डागडुजी भोके बुजवण्याची; कालपरवा जन्मलेल्या चिपची ओळख करून देणे ही वेगळी गोष्ट आहे, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

ही ओळख कशी पटते ते भाचीने मला दाखवले, आणि मी खरोखर थक्क झालो. प्रत्येक चिपला दोन अंक असतात, एक बनवणाऱ्याचा आणि एक त्या मालाचा. यंत्र सुरू झाले की कर्नल एकेका चिपला तिचे अंक विचारतो आणि आपल्या ड्रायव्हरांच्या याद्यांत शोधतो. सापडले तर ड्रायव्हर कामाला लागतो. न सापडले तर? तक्रार नाही, आरडाओरडा नाही; रेशन दुकानातल्या यादीत नाव नसलेल्या माणसासारखी ती चिप मुकाट्याने एका बाजूला उभी राहते. कधी कधी नवी चिप ही जुनीचीच सख्खी बहीण असते आणि यादीत अंकांची एक ओळ वाढवली की काम भागते. एवढ्या ओळी तर कर्नलच्या जुन्या, सांभाळून ठेवलेल्या आवृत्त्यांतही घालण्यास नियमानेच मुभा आहे. परंतु चिपच नव्या घडणीची असेल तर ड्रायव्हर नवा लिहावा लागतो, आणि तो पुढच्या आवृत्तीतच येतो. इंटेलची आर्क नावाची चित्रकार्डे २०२२ साली बाजारात आली. विशेष खटपट न करता ती चालू लागली ती फेब्रुवारी २०२३ मध्ये निघालेल्या ६.२ पासून. मधल्या महिन्यांत ज्यांनी ती हौसेने घेतली, त्यांनी काय केले असेल ते मी आता समजू शकतो.

दाजी संध्याकाळी परतले तेव्हा मी त्यांना हे सगळे समजावू लागलो. त्यांनी पाय धुता धुता ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे गुरुजी, शेत नवं आणि तुम्ही जुन्या पोत्यातलं बियाणं आणलंत."

कर्जतला भाताचे संशोधन केंद्र आहे. 'कर्जत-३', 'कर्जत-७' अशी वाणे तिथून निघतात आणि आमच्या भागातला शेतकरी त्यांचे अंक कर्नलच्या अंकांहून चांगले जाणतो. ज्या गोष्टीला मी सकाळपासून झगडत होतो ती त्यांनी एका वाक्यात सांगितली, आणि वर मी गुन्हेगारही ठरलो!

खरे म्हणजे मला हे आधीच सुचायला हवे होते. कारण याच विषयाचा एक धडा आमच्याच तालुक्यात अठरा वर्षांपूर्वी गिरवला गेला होता. अमेरिकेत निकोलस निग्रोपाँटी यांनी २००५ साली 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' अशी घोषणा केली. शंभर डॉलरांत लॅपटॉप द्यायचा, आणि तोही गरीब देशांतल्या मुलांना. आपल्या केंद्र सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ सालीच त्या कल्पनेला नकार दिला. तरीही पुढल्या वर्षी, २००७ च्या पावसाळ्यानंतर, त्या प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग झाला तो कर्जत तालुक्यातल्या खैराट या वाडीच्या शाळेत! एक खोली, एक शिक्षक, पहिली ते चौथीची वीस-बावीस मुले, आणि त्यांच्या हातांत हिरवी-पांढरी, दोन कान उभारलेली ती खेळण्यासारखी यंत्रे.

खेळण्यासारखी खरी, पण आत पाहिले तर चमत्कार. तीन-चारशे मेगाहर्ट्झच्या घरातला एएमडीचा गीओड प्रोसेसर, २५६ मेगाबाइट स्मृती, चकतीऐवजी एक गिगाबाइटची फ्लॅश, आणि रणरणत्या उन्हातही वाचता येईल असा पडदा. ते दोन कान म्हणजे आकाशक. त्यांच्या जोरावर यंत्रे मधल्या कुठल्याही खांबावाचून एकमेकांशी बोलत. वर गाडी होती फेडोराची, खास मुलांसाठी 'शुगर' नावाचे डबे जोडलेली. पण यांतले काही भाग जगात दुसऱ्या कुठल्या संगणकात नव्हते! तेव्हा त्यांना ओळखणारा कर्नलही तयार नव्हता. त्या मंडळींना आरंभी स्वतःच्या दुरुस्त्या घातलेला वेगळा कर्नल बाळगावा लागला. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर जोनाथन कॉर्बेट या लिनक्सच्या नामांकित पत्रकाराने स्वतः लिहिला. मग एकेक ड्रायव्हर टोरवाल्ड्सच्या मूळ कर्नलात पाठवायचा, तिथल्या परीक्षकांची बोलणी खायची, पुन्हा लिहायचा, पुन्हा पाठवायचा, असे पुष्कळ दिवस चालले. ही उठाठेव कशासाठी? ड्रायव्हर एकदा मूळ कर्नलात गेला की पुढची प्रत्येक आवृत्ती त्याला आपोआप सांभाळते. न गेला तर नवा कर्नल निघेल तेव्हा तेव्हा तो हाताने बसवावा लागतो, आणि बसवणारा कंटाळला की यंत्र तिथेच थांबते. शंभर डॉलरांचे ते यंत्र शंभराला कधीच मिळाले नाही, आरंभी त्याची किंमत पावणेदोनशेच्या वर गेली. मुलांना त्याचा किती उपयोग झाला यावर शिक्षणतज्ज्ञांनी पुढे पुष्कळ वाद घातले. पण त्या यंत्रासाठी लिहिलेले ड्रायव्हर मूळ कर्नलात गेले, एवढे खरे.

असो. मी शनिवार संध्याकाळी खालापुरात अडकलो होतो, आणि मला खैराटची आठवण येऊन काही उपयोग नव्हता. प्रश्न साधा होता. नवा कर्नल इंटरनेटवर, आणि इंटरनेटचे दार उघडणारे वाय-फाय नव्या कर्नलात. किल्ली कुलपाच्या आत!

इथे भाचीने आपला मोबाइल चार्जिंगच्या तारेने लॅपटॉपला जोडला आणि मोबाइलमध्ये 'टेदरिंग' चालू केले. या युक्तीत लॅपटॉपला मोबाइल हा तारेच्या जाळ्यासारखा दिसतो, आणि ती ओळख जुन्या कर्नललाही असते. इंटरनेट आले. पण आता जुनी गाडी टाकून नवी घ्यायची की तिलाच नवे इंजिन लावायचे, यावर आमचा वाद झाला. मला वाटे, तीन वर्षांपूर्वीच्या डब्यांना आजचे इंजिन जोडले तर सांधे निखळतील. ते तसे होत नाही, याचे कारण टोरवाल्ड्सचा एक हट्ट आहे: कर्नल बदलल्यामुळे वरचा चालता कार्यक्रम मोडता कामा नये. हा नियम मोडणाऱ्या सहकाऱ्यांवर तो कसा तुटून पडतो याच्या कथा प्रसिद्ध आहेत. या हट्टापायीच जुन्या गाडीला नवे इंजिन लागते. उबुंटूवाले तर हे रीतसर करतात. एप्रिल २०२२ ची त्यांची दीर्घ-आधाराची आवृत्ती ५.१५ घेऊन निघाली होती. सुमारे सहा महिन्यांनी एकेक नवा कर्नल मिळत मिळत सप्टेंबर २०२४ मध्ये तिला ६.८ लागला होता. डबे तेच, मागून रेटा नवा. आमच्या बँकरची आठवण मला इथे झाली. डेबियनमध्येही 'बॅकपोर्ट' म्हणून अशीच सोय मागून घेता येते.

आणखी एक गोम सांगून ठेवतो, कारण अंकांवर भरवसा ठेवून पुष्कळ लोक फसतात. रेड हॅटची एंटरप्राइझ लिनक्स ही मोठ्या कचेऱ्यांतली गाडी. तिची आठवी आवृत्ती २०१९ साली ४.१८ हा कर्नल घेऊन आली आणि तिच्या अंकात फरक पडत नाही. पण ती मंडळी नव्या कर्नलांतले ड्रायव्हर उचलून त्याच जुन्या अंगात बसवीत असत. पाटी जुनी, यंत्र बरेचसे नवे. तेव्हा अंक लहान म्हणून हिणवू नये. आणि अंक मोठा झाला म्हणून हुरळूनही जाऊ नये. ५ चा ६ होतो तो काही क्रांती झाली म्हणून नव्हे, दशांशापुढचा आकडा फार वाढला की टोरवाल्ड्सला तो मोजण्याचा कंटाळा येतो म्हणून.

रात्री साडेनऊला नवा कर्नल बसला. यंत्र पुन्हा सुरू केले. पाटीवर बोट फिरू लागले, उजेड कमीजास्त झाला, बहीण आरतीचे तबक घेऊन येते की काय असे मला वाटले. वाय-फाय नाही.

तो क्षण मी विसरणार नाही. दाजी जागेच होते. त्यांनी एकदा पाहिले आणि कूस बदलली.

नोंदी वाचता वाचता साडेदहाला उलगडा झाला. आता ड्रायव्हरला चिप ओळखता आली होती, पण चिपच्या आत भरावयाची 'फर्मवेअर' नावाची फाइल नव्हती. हल्लीच्या बहुतेक वाय-फाय चिपा म्हणजे स्वतःच एक लहान संगणक असतात आणि प्रत्येक वेळी जागे होताना त्यांना त्यांचे पाठांतर बाहेरून द्यावे लागते. ही फाइल चिप बनवणाऱ्याची, बहुधा बंद पेटीतली. कर्नलात ती नसते, वेगळ्या गाठोड्यात येते. खैराटच्या त्या उदात्त यंत्रातली वाय-फाय चिपसुद्धा अशाच बंद फर्मवेअरवर चालत असे आणि त्यावरून मुक्त सॉफ्टवेअरच्या कैवाऱ्यांनी वाद घातला होता. तत्त्वनिष्ठ डेबियनने तर ही गाठोडी वर्षानुवर्षे घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवली. जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ती चढवतानाच मिळू लागली. आम्ही कर्नल नवा आणला होता आणि गाठोडे तीन वर्षांपूर्वीचेच राहिले होते. ते आणले. पुन्हा सुरू केले. पडद्याच्या कोपऱ्यात ती पंख्यासारखी खूण उमटली, आणि आळीतल्या सहा घरांची वाय-फायची नावे एकाखाली एक दिसू लागली.

"दाजी," मी हलकेच हाक मारली.

"दिसलं," ते अंधारातूनच म्हणाले.

सोमवारी भाचीने परीक्षा दिली. सप्टेंबरात तिला उमेदवारीचे पत्र आले. त्याचे श्रेय कर्नलला देण्याइतका मी खुळा नाही. पण पतपेढीचा हप्ता ती आता स्वतः भरते, हे दाजींनी मला दोनदा सांगितले आहे.

या विजयाच्या धुंदीत मी घरी येऊन एक मूर्खपणा केला, तोही सांगतो. माझ्या २०१२ च्या संगणकावर सगळे ठीक चालले असताना मी त्यालाही सर्वांत नवा कर्नल चढवला. मिळवायचे काय होते? त्यातला एकही भाग नवा नव्हता. जे ओळखायचे ते त्या यंत्राने दहा वर्षांपूर्वीच ओळखले होते. पण त्यातल्या चित्रकार्डाचा ड्रायव्हर हा मूळ कर्नलातला नव्हे, बनवणाऱ्याने वेगळा दिलेला आणि पुढे वाऱ्यावर सोडलेला. वरच्या कार्यक्रमांना टोरवाल्ड्सचे अभय आहे, पोटात शिरणाऱ्या परक्या ड्रायव्हरला नाही. कर्नलचे अंतरंग केव्हाही बदलते. तो ड्रायव्हर नव्या कर्नलात बसेना आणि पडदा काळा! सुदैवाने जुना कर्नल पुसला जात नाही. यंत्र सुरू होताना यादीतून जुना निवडला आणि दोन दिवसांनी माझे घर पूर्ववत झाले. सौ.ने त्या दोन दिवसांत एक शब्दही उच्चारला नाही, फक्त संध्याकाळी रेडिओ लावला.

भाचीच्या लॅपटॉपवर बोटाचा ठसा घेणारी एक छोटी काच आहे. ती अजून चालत नाही. तिचा ड्रायव्हर कुणी लिहिलेला नाही. नवा कर्नल निघाला की ती बदलांच्या यादीत आपल्या काचेचे अंक शोधते, आणि दाजी ओटीवरून विचारतात, "काय गं, आले का तुझे कर्नलसाहेब?"